साठीनंतरची पहिली रहस्यकथा



जालना जिल्ह्यांत, भोकरदन तालुक्यांत, केदारखेडा नांवाचें गांव आहे. मी तेथला रहिवासी. प्राथमिक शाळेंत मुलांना शिकविण्यांत सारी नोकरी झाली आणि ५८ व्या वर्षीं मी निवृत्त झालों. ६४ व्या वर्षीं माझी पहिली कादंबरी छापून निघाली. आणि ती निघाली रहस्यकथा! "गुरुजी, या वयांत हे खुनाचे उद्योग कसले?" असें गांवांत मला पुष्कळांनीं विचारलें. आज त्या प्रश्नाचें उत्तर देण्याचा विचार आहे.

रहस्यकथेचें वेड मात्र जुनें. बाबूराव अर्नाळकरांनीं हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार आणि काळापहाड आम्हां मुलांना सख्ख्या नातेवाइकांसारखे ठाऊक होते. आमच्या गांवीं तीं पुस्तकें येत तीं दहा हातांतून फिरून. शेवटचीं पानें बहुधा गळालेलीं असत. गुन्हेगार कोण, हें आमचें आम्हांलाच ठरवावें लागे. माझें लेखन तेथेंच सुरू झालें असें आतां वाटतें. पुढें संसार, बदल्या, मुलांचीं शिक्षणें यांत वर्षें कशीं गेलीं तें समजलें नाहीं.

उशीर झाला खरा. पण या वाटेनें उशिरा निघालेलीं माणसें थोडीं नाहींत. अमेरिकेंतील रेमंड चँडलर हे तेलाच्या कंपनींत मोठे अधिकारी होते. १९३२ सालीं त्यांची नोकरी सुटली. दुसऱ्याच्या कथेचा सारांश काढावा, त्यावरून ती आपण पुन्हां लिहावी आणि मुळाशीं ताडून पाहावी, असा अभ्यास त्यांनीं शाळकरी मुलासारखा केला. १९३३ सालीं त्यांची पहिली रहस्यकथा छापली गेली, आणि पहिली कादंबरी आली १९३९ सालीं, वयाच्या ५० व्या वर्षीं. इंग्लंडच्या पी. डी. जेम्स यांचे पति महायुद्धांतून परतले ते मनानें खचून. दोन मुलींचा भार बाईंवर पडला. रुग्णालयांच्या कारभाराची नोकरी संभाळून त्या पहांटे लिहीत. त्यांची पहिली कादंबरी १९६२ सालीं, चाळिशी उलटल्यावर निघाली. कॅनडाच्या ॲलन ब्रॅडली यांची पहिली रहस्य-कादंबरी २००९ सालीं आली, तेव्हां ते ७० वर्षांचे होते.

माझ्या मतें रहस्यकथेला वय हें भांडवलच आहे. माणसें खोटें कां बोलतात, भाऊबंदकींत बांध कसा सरकतो, हें पंचविशींत कोठून कळावें? शिवाय या प्रकाराला एक सचोटी लागते. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज लेखकानें १९२९ सालीं रहस्यकथेचे दहा नियम घालून दिले. गुन्हेगार कथेच्या आरंभींच वाचकाच्या नजरेसमोर आला पाहिजे, आणि शोध लावणाऱ्याला सांपडलेला दुवा वाचकापासून लपवितां कामा नये, हे त्यांतील दोन. मीं तर शेवटचें प्रकरण आधीं लिहिलें आणि मग वहींत तारीख-वार कोष्टक मांडलें. माझ्या कथेंतला गुन्हेगार सांगतो, "त्या रात्रीं मी मोटर चालू करायला विहिरीवर गेलों होतों." शेतकऱ्याला रात्रीं-अपरात्रीं मोटरीसाठीं जावें लागतेंच, तेव्हां कोणाला संशय येत नाहीं. पण त्या आठवड्यांत शेतीची वीज दिवसाची होती! ही गोष्ट मीं तिसऱ्या प्रकरणांतच, वाचकाला सहज चुकवितां येईल अशा जागीं सांगून टाकली आहे.

पहिली प्रत एका प्रकाशकाकडून परत आली. विसाव्या पानावरच गुन्हेगार ओळखूं येतो, असा शेरा होता. शेरा रास्त होता. मीं सारी कादंबरी पुन्हां लिहिली. दुसरी प्रतहि परत आली. तिसरी स्वीकारली गेली.

आतां मुख्य गोष्ट. रोज रात्रीं लिहिलेलें मी पत्नीला वाचून दाखवीत असें. कथेंत एक सून विहिरींत सांपडते. आदल्या रात्रीं पाऊस झालेला, वाट चिखलाची. पण काठावर नीट जोडून ठेवलेल्या तिच्या चपलांना चिखलाचा ठिपकाहि नाहीं. हें ऐकल्यावर पत्नी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "हें तुम्हीं रचलेलें नाहीं. हें तुम्हीं पाहिलेलें आहे."

तें खरें होतें. नोकरीच्या पहिल्या वर्षांत एका गांवीं मला पंच म्हणून विहिरीवर बोलाविलें होतें. त्या चपला मीं पाहिल्या. मी परगांवचा, नवखा मास्तर. कोणाशीं वैर नको म्हणून बोललों नाहीं. कागद पुढें आला, सही केली. तेथें काय घडलें होतें हें मला ठाऊक नाहीं. मी विचारलेंच नाहीं. माझ्या कादंबरींतला मास्तर मात्र "चपलांची नोंद झाल्यावांचून मी सही करणार नाहीं," असें म्हणतो. तें एक वाक्य लिहावयास मला चाळीस वर्षें लागलीं. त्यानें त्या मुलीला न्याय मिळाला, असें मी म्हणणार नाहीं. कागदावरचें धैर्य स्वस्त असतें. पण पत्नीजवळ मी तें प्रथमच बोललों, आणि तें बोलणें स्वस्त नव्हतें.

श्रोत्यांपैकीं कोणी निवृत्त होऊन रिकामे बसले असतील, तर त्यांना माझी विनंति आहे. एक वही घ्यावी. आपण पाहिलेली आणि न बोललेली एक गोष्ट पहिल्या पानावर लिहावी. तिची कादंबरी होईल कीं नाहीं, तें पुढें पाहतां येईल.