खुराड्यात बदलणारा विषाणू
(भिवापूर येथे कुक्कुटपालकांसमोर केलेले भाषण)



भिवापूरच्या मिरची उत्पादकाला बियाण्याची पारख शिकवावी लागत नाही. दोन वाण शेजारी लावले की परागाची सरमिसळ होते आणि त्या बियाण्यातून वेगळ्याच गुणांचे झाड उभे राहते. बर्ड फ्लूच्या विषाणूचे काहीसे असेच आहे. मात्र तो पुढल्या हंगामाची वाट पाहत नाही.

या विषाणूची आनुवंशिक सामग्री 8 तुकड्यांत विभागलेली असते. तिची नक्कल होताना चुका राहतात व त्या दुरुस्त होत नाहीत. शिवाय एकाच कोंबडीत दोन निरनिराळे विषाणू शिरले, तर तुकड्यांची अदलाबदल होऊन तिसराच बाहेर पडतो. रानबदकांत हा विषाणू बहुधा निमूटपणे नांदतो. कोंबड्यांच्या दाटीत मात्र एच5 व एच7 या प्रकारांत कधी कधी असा फेरफार होतो, की पूर्वी श्वासमार्ग व आतडे यांपुरता मर्यादित असलेला विषाणू सर्व अवयवांत वाढू लागतो. मग खुराडेच्या खुराडे रिकामे होते.

महाराष्ट्राने हे 2006 च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे पाहिले. देशातील कोंबड्यांमध्ये एच5एन1 आढळल्याची ती पहिली नोंद होय. त्या विषाणूचे कूळ 1996 साली चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात पाळीव हंसात सापडलेल्या विषाणूपर्यंत पोहोचते. पुढे त्या कुळाला अनेक शाखा फुटल्या. सौम्य विषाणूही दुर्लक्षण्याजोगा नाही. एच9एन2 मुळे कोंबड्या फारशा मरत नाहीत, म्हणूनच तो कळपात टिकून राहतो व इतर विषाणूंना आपले तुकडे पुरवितो. 2019 साली मेळघाटातील एका बालकात तो आढळला.

आपल्याच जिल्ह्यात, गोरेवाडा येथील बचाव केंद्रात, 2024 च्या डिसेंबरात तीन वाघ व एक बिबट्या दगावले. निदान एच5एन1 चे झाले. कऱ्हांडल्याचे जंगल आपल्यापासून किती दूर आहे, हे मी सांगायला नको.

आता थोडे स्पष्ट बोलतो. कोंबड्या मरू लागल्या की ‘मानमोडी आली’ म्हणायचे आणि उरलेल्या बाजारात विकून टाकायच्या, असे पुष्कळदा घडते. नुकसानीच्या भीतीने माणूस तसे करतो, हे मी समजू शकतो. परंतु मानमोडी की बर्ड फ्लू, हे नुसत्या डोळ्यांनी मलाही ओळखता येत नाही. ते नमुना तपासल्यावरच कळते. विषाणू कोणत्या शाखेचा आणि त्यात काय बदलले, हेही त्याच नमुन्यावरून समजते. विकलेली कोंबडी तो पुरावा घेऊन जाते आणि विषाणूला नवा कळप मिळवून देते.

म्हणून मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने स्पर्श करू नये व त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. रोग निश्चित झाल्यावर शासनाने नष्ट केलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळते. आधीच मेलेल्यांची मिळत नाही.