पिकअपचा टायर घेताना आधी त्यावरचे आकडे वाचा
(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)



बियाण्याची पिशवी घेताना आपण आधी लेबल वाचतो. वाण कोणता, लॉट नंबर काय, मुदत कधी संपते, हे पाहिल्याशिवाय पैसे देत नाही. खताच्या गोणीवर नत्र, स्फुरद, पालाश किती तेही बघतो. मग पिकअपचा टायर घेतानाच "चांगला दे बाबा एखादा" एवढं सांगून आपण का मोकळे होतो? टायरलाही लेबल असतं. ते कागदाचं नसून टायरच्या बाजूवर रबरातच उठवलेलं असतं, एवढाच फरक. ते लेबल कसं वाचायचं, हे आज आपण पाहणार आहोत.

हा विषय गॅरेजचा आहे, शेतीचा नाही, असं समजू नका. पीक उत्तम आलं, पण भरलेल्या गाडीचा टायर रात्री कसारा घाटात किंवा माळशेज घाटात फुटला, तर माल जातोच, शिवाय गाडीतल्या माणसांच्या जिवाशी गाठ असते. ती माणसं बहुतेक वेळा आपल्याच घरातली असतात.

जुना टायर काय सांगतो?

दुकानात जाण्यापूर्वी जुना टायर नीट बघा. नक्षीच्या चरांमध्ये तळाशी ठरावीक अंतरावर लहान आडवे उंचवटे असतात. ते कुठे आहेत, हे दाखवायला टायरच्या कडेला टी.डब्ल्यू.आय. अशी अक्षरं किंवा छोटा त्रिकोण असतो. या उंचवट्यांपाशी चराची खोली १.६ मिलिमीटर उरते. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली, की टायर बदलायची वेळ झाली. पार गोटा होईपर्यंत थांबू नका. ओल्या डांबरी रस्त्यावर चाकाखालचं पाणी बाहेर काढण्याचं काम हे चरच करतात.

झीज कुठे झाली तेही पाहा. मधोमध जास्त झिजला असेल, तर हवा जास्त भरली जात होती. दोन्ही कडा झिजल्या असतील, तर हवा कमी होती. एकच कड खाल्ली असेल, तर चाकांची अलाइनमेंट बिघडली आहे. हा दोष काढल्याशिवाय नवा टायर घातला, तर तोही तसाच खाल्ला जाईल. रोगाचं कारण न शोधता औषध फवारण्यासारखंच ते झालं.

माप एक, पण ताकद वेगळी

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगतो. समजा, तुमच्या गाडीला १८५ आर १४ सी, ८ पी.आर., १०२/१०० असा टायर आहे. १८५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. आर म्हणजे रेडियल. १४ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. सी म्हणजे टायर मालवाहू गाडीचा आहे. सी ऐवजी एल.टी. अशीही अक्षरं असतात. ८ पी.आर. हा टायरच्या मजबुतीचा दर्जा आहे. आत मोजून आठ थर असतात, असा त्याचा अर्थ नाही.

शेवटचे आकडे भाराचे आहेत. १०२ म्हणजे एकेरी चाकाला एका टायरने जास्तीत जास्त ८५० किलो भार पेलावा. १०० हा जोडचाकासाठीचा आकडा आहे, म्हणजे ८०० किलो.

आता गंमत बघा. १८५ आर १४ याच मापाचा मोटारकारचा टायरही असतो. तो त्याच रिमवर बसतो, दिसायलाही तसाच दिसतो आणि स्वस्त पडतो. पण त्याचा भाराचा आकडा साधारण ९० असतो, म्हणजे ६०० किलो. मागच्या दोन मालवाहू टायरांवर १,७०० किलो पेलतात, तर या दोन टायरांवर १,२०० किलोच. फरक ५०० किलोंचा पडला. म्हणजे ५० किलोच्या कांद्याच्या १० गोण्या! शिवाय या भारात मागच्या ॲक्सलवर येणारं गाडीचं स्वतःचं वजनही धरायचं असतं, हे विसरू नका.

म्हणून माप जुळलं की झालं, असं मानू नका. माप, सी किंवा एल.टी. ही अक्षरं, पी.आर. आणि भाराचा आकडा, या चारही गोष्टी गाडीबरोबर आलेल्या पुस्तकाशी किंवा दारापाशी लावलेल्या पट्टीशी ताडून बघा. आकडा जास्त असला तर चालेल, कमी कधीही चालणार नाही.

काही जण गाडीला एखादा पाटा वाढवून घेतात आणि आता कितीही माल भरायला हरकत नाही असं धरून चालतात. पाटा वाढवल्याने गाडी मागे बसत नाही, हे खरं. पण त्याने टायरची ताकद तसूभरही वाढत नाही. उलट दोष दिसायचा बंद होतो. पासिंगपेक्षा जास्त माल भरूच नये.

नक्षी रस्ता पाहून घ्या

तुमची गाडी बहुतेक डांबरी रस्त्यानेच मार्केटला जात असेल, तर लांब सरळ चरांची नक्षी बरी. ती कमी तापते, आवाज कमी करते आणि स्टिअरिंग हलकं ठेवते. रोजचा रस्ता काळ्या मातीच्या पाणंदीतून, चिखलातून असेल, तर मागच्या चाकांना मोठ्या आडव्या ठोकळ्यांची नक्षी घ्या. मात्र डांबरावर ती लवकर झिजते, हेही ध्यानात असू द्या.

मापात आर ऐवजी आडवी रेघ असेल, उदाहरणार्थ ७.००-१५, तर तो साधा, म्हणजे तिरप्या धाग्यांचा टायर समजावा. रेडियल आणि साधा टायर एकाच ॲक्सलवर कधीही लावू नका. गाडी एका बाजूला ओढते, वळणावर दगा देते. एका ॲक्सलवरचे दोन्ही टायर एकाच मापाचे, एकाच जातीचे आणि एकाच नक्षीचे हवेत. म्हणून शक्यतो जोडीने बदला.

तारीख आणि खूण

टायरच्या बाजूवर एका लांबट चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३५२४ लिहिलं असेल, तर तो टायर २०२४ सालच्या ३५ व्या आठवड्यात, म्हणजे ऑगस्टच्या अखेरीस तयार झाला. काही महिन्यांचा टायर सावलीत नीट ठेवला असेल तर खुशाल घ्या. दोन-तीन वर्षं पडून राहिलेला मात्र नव्याच्या भावाने घेऊ नका. रबर न वापरताही जुनं होतं, त्याला बारीक भेगा पडतात. आय.एस.आय.ची खूण आहे ना, तेही पाहा. मालवाहू गाड्यांच्या टायरसाठी आय.एस. १५६३६ हे मानक आहे.

जुन्या बाजारात गोटा झालेल्या टायरवर तापलेल्या पात्याने चर कोरून तो चांगला म्हणून विकतात. असा टायर फुकट मिळाला तरी घेऊ नका. कोरताना आतल्या धाग्यांपर्यंत पातं गेलेलं असतं. रिमोल्ड करायचा असेल, तर सांगाडा शाबूत असलेलाच टायर करून घ्या, आणि तो पुढच्या चाकाला लावू नका.

स्वस्त कशाला म्हणायचं?

समजा, एक टायर ५,००० रुपयांना मिळाला आणि ३०,००० किलोमीटर चालला. दुसरा ६,००० रुपयांना मिळाला आणि ४५,००० किलोमीटर चालला. पहिल्याला किलोमीटरमागे जवळजवळ १७ पैसे पडले, दुसऱ्याला सव्वातेरा. मग स्वस्त कोणता? हिशेब दुकानातल्या किमतीवर न करता धावलेल्या किलोमीटरवर करा. त्यासाठी टायर बसवला त्या दिवशीचं मीटरचं रीडिंग वहीत लिहून ठेवा. पक्की पावतीही जपून ठेवा, म्हणजे टायर सदोष निघाला तर दाद मागता येते.

बसवल्यानंतर

ट्यूबचा टायर असेल, तर नव्या टायरमध्ये नवीच ट्यूब घाला. जुनी ट्यूब ताणलेली असते, तिला घडी पडून ती फाटते. ट्यूबलेस टायर असेल, तर रिमची काठ चेपलेली नाही ना, हे पाहा. पन्नास-शंभर किलोमीटर गाडी चालली, की चाकाचे नट पुन्हा आवळून घ्या.

हवा सकाळी, टायर गार असताना मोजा. रेडियल टायर खाली थोडा फुगलेला दिसतोच, म्हणून लाथ मारून किंवा नजरेने अंदाज करू नका. गेज वापरा. भाराचा जो आकडा आपण वाचला, तो हवा पुरेशी असेल तरच खरा. कमी हवेवर भरलेली गाडी पळवली, की टायरच्या बाजू सारख्या दबतात, टायर आतून तापतो आणि फुटतो. चैत्र-वैशाखात तर जास्तच जपा. चालून तापलेल्या टायरमध्ये हवा वाढलेली दिसली, म्हणून ती सोडू मात्र नका. आणि हो, स्टेपनी विसरू नका. तिचंही माप आणि भाराचा आकडा तोच हवा.

थोडक्यात लक्षात ठेवा

१) जुन्या टायरची झीज पाहा, दोष आधी दुरुस्त करा.
२) माप, सी किंवा एल.टी., पी.आर. आणि भाराचा आकडा ताडून घ्या.
३) तारखेचे चार आकडे आणि आय.एस.आय.ची खूण पाहा.
४) रस्ता पाहून नक्षी निवडा, टायर जोडीने बदला.
५) कोरलेला टायर घेऊ नका, रिमोल्ड पुढे लावू नका.
६) हवा गार टायरमध्ये, गेजनेच मोजा.

पुढच्या वेळी टायरच्या दुकानात जाल, तेव्हा भाव विचारण्याआधी खाली वाकून टायरवरचे आकडे वाचा. दोन मिनिटांचं काम आहे. त्यातून माल वेळेवर बाजारात पोचेल आणि आपली माणसं सुखरूप घरी येतील.