लिंबोळ्या पडायला लागल्यात

निमगाव केतकीच्या बचत गटातून आम्ही बोलतोय. माइकसमोर एकीच बसली आहे, पण काय बोलायचं ते परवाच्या बैठकीत सगळ्यांनी मिळून ठरवलंय, म्हणून 'आम्ही'.

रोहिणी निघाल्या. लिंबाखाली पिवळ्या लिंबोळ्यांचा सडा पडलाय. सकाळी अंगण झाडताना आपण त्या गोळा करतो आणि उकिरड्यावर टाकतो. पुढं भाजीवर मावा पडला की लिंबाच्याच तेलाची बाटली दुकानातून विकत आणतो. उकिरड्यावर गेलं ते फुकटचं होतं, बाटली मात्र उधारीवर येते. तेव्हा आधी लिंबोळ्या वेचा, बाकीचं बोलू.

पिकलेली लिंबोळी घ्यायची. पाण्यात चोळून वरचा गर काढायचा आणि बिया सावलीत वाळवायच्या. कडक उन्हात पत्र्यावर टाकाल तर गुण कमी होतो. वाळल्या की गोणपाटाच्या पोत्यात भरायच्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, बुरशी धरते. फवारायच्या आदल्या दिवशी कुटायच्या. शंभर लिटर पाण्याला पाच किलो भरड हे प्रमाण. आपला पंधरा लिटरचा पंप असेल तर पाऊण किलो भरड दीड-दोन लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची. सकाळी फडक्यातून पिळायची, चोथ्यावर पुन्हा पाणी घालून पुन्हा पिळायची. पांढरट पाणी यायचं थांबेपर्यंत हे करायचं. मग कपडे धुवायच्या साबणाचा तीसेक ग्रॅम चुरा विरघळवून त्यात मिसळायचा आणि पंप भरायचा. साबणानं अर्क पानाला चिकटतो. गाळताना आळस केला तर नोझल तुंबतं आणि मग शिव्या लिंबोळीला बसतात! फवारणी दिवस कलल्यावर करायची, कारण उन्हानं ह्या अर्काचा जोर जातो. आणि जेवढं लागेल तेवढंच करायचं, उरवून ठेवायचं नाही.

आता खरी अडचण सांगतो. घरातला माणूस दुसऱ्या दिवशी शेतात जातो, अळी हललेली दिसते आणि म्हणतो, "काय उपयोग नाही तुमच्या ह्या पाण्याचा." लिंबोळीनं अळी पटकन गळून पडत नाही. तिची भूक मरते, तिला कात टाकता येत नाही आणि पतंग त्या पानावर अंडी घालायचं टाळतो. त्याला चार-पाच दिवस द्यावे लागतात. म्हणून हा अर्क कीड बारीक असतानाच मारायचा. बोटाएवढी झालेली अळी त्याला दाद देत नाही, ती हातानं वेचायची. दशपर्णीचंही तेच. दहा झाडांचा पाला, शेण, गोमूत्र महिनाभर आंबवून केलेला तो अर्क चांगलाच आहे, पण त्यात कण्हेर आणि रुई पडते. घरचं आहे म्हणून ते गरीब नाही. रुईचा चीक डोळ्यात गेला तर काय होतं ते आपल्याला माहीत आहे. पिंप झाकून, पोरांपासून लांब ठेवायचं आणि ढवळायची काठी वेगळी ठेवायची.

उसाच्या हुमणीसाठी आपल्याकडं वर्षानुवर्षं फोरेट टाकायचे. आपण सगळे त्याला थायमेट म्हणायचो, हातानं फेकायचो. सरकारनं २०१८ साली अठरा औषधांवर बंदीचा आदेश काढला. त्यातली बारा लगेच थांबली, फोरेटसारखी सहा २०२० च्या शेवटाला. कुणाच्या घरात जुना डबा असेल तर त्यातलं चिमूटभरही वापरू नका आणि तो डबा धुऊन धान्याला तर मुळीच घेऊ नका.

हुमणीचा खरा उपाय ह्याच दिवसांत आहे. वळवाचा पाऊस पडला की जमिनीतले भुंगेरे अंधार पडताना वर येतात आणि लिंबावर, बाभळीवर पाला खायला बसतात. तेव्हा खाली चवाळं पसरून फांद्या हलवायच्या. पडलेले भुंगेरे रॉकेल टाकलेल्या पाण्यात बुडवायचे. एक मादी पन्नास-साठ अंडी घालते, तेव्हा आज मुठीत आलेल्या भुंगेऱ्यांचा हिशोब तुम्हीच करा. ह्या हुमणीची वर्षाला एकच पिढी होते, ही संध्याकाळ चुकली की वर्ष गेलं. पण हे काम एकट्या घराचं नाही. आम्ही आमचीच झाडं झोडपली आणि शेजारच्या बांधावरची बाभूळ तशीच राहिली, तर भुंगेरे तिथून येणारच. औषध एकटा माणूस दुकानातून आणू शकतो, ह्याला मात्र वस्ती लागते. अन् वस्ती गोळा करायचं काम गटाला जमतं, पुरुषांना ते जमताना आम्ही फारसं पाहिलं नाही.

तणनाशकावर बैठकीत बराच वेळ वाद झाला. ज्यांच्या घरी रान आहे त्या म्हणाल्या, खुरपून कंबर मोडते आणि बाया मिळत नाहीत. ज्या रोजानं जातात त्या म्हणाल्या, एक पंप मारला की आमची आठ दिवसांची हजेरी जाते. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही बाया एकाच गटात बसतात. रोजाच्या पैशातूनच बचतीचा हप्ता येतो, हे कर्जाची वही लिहिताना आम्हाला दिसतं. शिवाय खुरपताना घोळ, तांदुळजा, चिवळ ओट्यात येते ती संध्याकाळची भाजी. फवारलेल्या रानातली ही भाजी खुडायची सोय राहत नाही.

काय जमेल तेवढं ठरवलं. चालत ओढायचं सायकल कोळपं गटानं घ्यायचं आणि पाळीनं वापरायचं, म्हणजे ओळीतलं तेवढं खुरप्यानं काढावं लागेल. उसाचं पाचट पेटवायचं नाही. एकरी तीन-चार टन पाचट निघतं, ते खोडव्याच्या सरीत पसरलं की बरंचसं तण खालीच दबतं आणि पाण्याची पाळी लांबते. लव्हाळ्याला आणि हराळीला मात्र पाचटाची भीती वाटत नाही, त्या गाठी खणूनच काढाव्या लागतात. आणि ज्यांना फवारायचंच आहे त्यांना एवढं सांगायचं, की वाऱ्यात टू-फोर-डी मारू नका. त्याचा फवारा उडून शेजारच्या द्राक्षाची पानं आकसतात. पानमळ्याच्या कडेला तर नकोच. पॅराक्वाट पोटात गेलं तर त्याच्यावर उतारा नाही, ती बाटली घरात माळ्यावर ठेवायची वस्तू नव्हे.

पानमळ्याचं वेगळं सांगायला हवं, कारण आपलं गाव पानाचं. डाळिंबाला साल असते. भाजी आपण धुतो, शिजवतो. पान खुडलं, चळत लावली, बाजारात गेलं आणि चुना-कात लावून थेट तोंडात. आणि दिवसभर ते पान आपल्याच बोटांतून जातं. वेलाच्या मुळाशी मर लागू नये म्हणून शेणखतात ट्रायकोडर्मा मुरवून लिंबोळी पेंडीबरोबर आधीच द्यावा. रोग दिसल्यावर देऊन फारसा उपयोग होत नाही. काही फवारावंच लागलं तर डब्यावर लिहिलेले दिवस मोजून मगच खुडा धरा, भाव चढला असला तरी.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली. पंप पुरुषाच्या पाठीवर असतो हे खरं. पण औषध कालवायला पाणी आपण देतो, ते कपडे आपण धुतो आणि त्याच रानात दुसऱ्या दिवशी खुरपायला आपण जातो. फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात मिसळू नका. डब्यावरचा त्रिकोण बघा, त्याला अक्षरओळख लागत नाही. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे बिनविषारी नव्हे. फवारल्यावर चक्कर, उलटी, डोळ्यापुढं अंधारी असं झालं तर अंगावरचे कपडे काढून साबणानं धुवायचं आणि डबा सोबत घेऊनच डॉक्टरकडं जायचं.

शनिवारी दिवस मावळायच्या आत वस्तीवरच्या मोठ्या लिंबाखाली जमायचंय. येताना एक रिकामं पोतं, जुनी साडी किंवा चवाळं आणि बॅटरी आणा. लिंबोळ्या उजेडात वेचू, अंधार पडला की भुंगेरे झोडू. पाऊस आला तर रविवारी.