आपोआप जाणारं पत्र

बासरची आपली मराठी घरं आता निजामाबाद, हैदराबाद, पुण्यापर्यंत पांगलीत. प्रत्येकाला फोन कोण करणार? म्हणून ईमेल आपोआप जाण्याची व्यवस्था लावू या. नाव नोंदवलं की स्वागताचं पत्र, उत्सवाच्या पंधरा दिवस आधी कार्यक्रम, विसर्जनानंतर हिशेब. साध्या जीमेल खात्यातून दिवसाला 500 जणांपर्यंत पत्र जातं. आपल्याला तेवढं पुष्कळ.

पत्ते मात्र विचारूनच घ्यायचे; वर्गणीच्या वहीतून परस्पर उचलायचे नाहीत. 1978 मध्ये अमेरिकेत एका संगणक विक्रेत्याने सुमारे 400 जणांना न विचारता जाहिरात धाडली, लोक तेव्हाही चिडलेच! आणि ‘पत्र नको’ म्हणायची सोय प्रत्येक पत्राच्या तळाशी हवी.

माझा खरा आग्रह यादीसाठी आहे. यंत्राला तारीख कळते, माणूस गेलेला कळत नाही. सुतक असलेल्या घरी गेलेल्याच्याच नावाने वाढदिवसाच्या शुभेच्छा पोचल्या, तर आपलं पुढचं पत्र तिथे कोण उघडेल? म्हणून दर महिन्याला यादी वाचायला घरोघरची खबर असणारं कुणीतरी ज्येष्ठ हवं. संगणक येत नसला तरी चालेल. वहीवर खूण करा, बदल मी करून देतो.