खेळाच्या यंत्रावर ऑफिसचं काम

व्हॉल्व्ह कंपनीचं ‘स्टीम डेक’ फेब्रुवारी 2022 मध्ये आलं ते गेम खेळण्यासाठी. सात इंची स्क्रीन, दोन्ही बाजूंना बटणं. पण आत 16 जीबी रॅम आणि आर्च लिनक्सवर आधारलेली स्टीम-ओएस आहे. पॉवरचं बटण जरा दाबून धरा, ‘स्विच टू डेस्कटॉप’ निवडा. समोर केडीई प्लाझ्माचा नेहमीसारखा डेस्कटॉप हजर.

अडचण पोर्टची. यूएसबी-सी एकच, चार्जिंगही त्यातूनच. म्हणून चार्जर जोडता येईल असाच हब घ्या. मॉनिटर, कीबोर्ड, माउस त्यालाच लागतील. छोट्या स्क्रीनवर पत्रं लिहायचा हट्ट नको, डोळे आपलेच आहेत.

सॉफ्टवेअर डेस्कटॉपवरच्या ‘डिस्कव्हर’ या अ‍ॅप-स्टोअरमधून घ्यावं, लिब्रेऑफिस तिथे फुकट मिळतं. सिस्टीमच्या मूळ भागाला कुलूप असतं. ते उघडून हौशीने काही बसवलंत, तर पुढच्या अपडेटमध्ये ते बहुधा पुसलं जाईल.

पुन्हा खेळायचंय? डेस्कटॉपवरच ‘रिटर्न टू गेमिंग मोड’ आहे. त्यावर क्लिक करताच उघडे प्रोग्रॅम बंद होतात, तेव्हा आधी फाइल सेव्ह करा.