भगिनींचे पहिले शस्त्र : परवाना, निवड आणि दक्षता



हुबळी-धारवाडच्या आसपास शेतवस्तीवर एकट्या राहणाऱ्या, रात्रपाळी आटोपून एकट्या घरी परतणाऱ्या भगिनी आहेत. स्वसंरक्षणार्थ पिस्तूल वा रिव्हॉल्वर बाळगावे काय, हा प्रश्न त्यांच्यापैकी काहींना पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर भीतीच्या भरात नव्हे, तर विचारपूर्वक दिले पाहिजे.

प्रथम कायदा पाहू. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्यावाचून असे शस्त्र बाळगणे हा गुन्हा आहे. अर्जदाराने वयाची २१ वर्षे पूर्ण केलेली असावीत. पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, हे गरीब भगिनींनी ध्यानी ठेवावे. पतीच्या निधनानंतर त्यांचे शस्त्र आपोआप पत्नीचे होत नाही. ते विनाविलंब पोलीस ठाण्यात अथवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे व मग स्वतःच्या नावे परवान्यासाठी अर्ज करावा.

आता निवडीविषयी. २०१४ साली कानपूरच्या सरकारी आयुध कारखान्याने खास महिलांसाठी 'निर्भीक' हे .३२ बोअरचे, सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे रिव्हॉल्वर तयार केले. त्याची किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या घरात होती. परंतु हलके शस्त्र पर्समध्ये सोयीचे असले, तरी गोळी सुटताना हाताला अधिक हिसका देते. म्हणून केवळ वजन पाहू नये. मूठ हातात नीट बसते काय, बोट चापापर्यंत सहज पोहोचते काय, काडतुसे भरणे व काढणे कोणाच्या मदतीविना जमते काय, हे वापरणारीने स्वतः पाहावे. पतीने वा भावाने परस्पर निवड करू नये.

शस्त्र हाती घेताना ते भरलेलेच आहे असे समजावे. नळी कोणाकडेही रोखू नये. नेम धरेपर्यंत बोट चापापासून दूर ठेवावे. घरी शस्त्र रिकामे करून कुलुपात ठेवावे, काडतुसे निराळ्या कुलुपात ठेवावीत. मुलांच्या जिज्ञासेला उंच फळी अडवू शकत नाही.

कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळविले, ते वर्षानुवर्षांच्या सरावाच्या बळावर. सरावावाचून शस्त्र बाळगणे म्हणजे ते हल्लेखोराच्या हाती जाण्याचा धोका पत्करणे होय.

कायद्याने स्वसंरक्षणाचा हक्क दिला आहे. मात्र आवश्यकतेहून अधिक इजा करण्याची मुभा दिलेली नाही. लग्नकार्यात हर्षाने गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घातल्यास २ वर्षांपर्यंत कारावास अथवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

शिक्षक व ग्रामसेवकांना विनंती, की त्यांनी भगिनींना अर्ज भरण्यास साहाय्य करावे आणि ११२ हा क्रमांक प्रत्येक घरी पोहोचवावा. शस्त्र हे अखेरचे साधन आहे. सावध शेजार आणि वेळेवर मागितलेली मदत यांचे स्थान त्याच्या आधीचे आहे.