वडिलांच्या पेटीतले कागद



इथे लक्ष्मीबाई नगरापासून जवळच, रामकृष्ण पुरममध्ये सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचं मुख्य पीठ आहे. महाराष्ट्राचं पीठ मुंबईत आहे. आजारामुळे फौजेतून घरी पाठवलेल्या जवानाची अपंगत्व पेन्शन नाकारली, तर आधी खात्यातच दोन अपिलं करायची. तिथंही नकार आला, की हे दार.

नकाराचं कारण बहुधा एकच असतं: आजार नोकरीमुळे झालेला नाही. सिग्नल कोअरचे धरमवीर सिंग १९८५ मध्ये भरती झाले, १९९४ मध्ये फेफऱ्याच्या आजारामुळे बाहेर पडले. त्यांनाही हेच उत्तर मिळालं. २ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. भरतीवेळी आजाराची नोंद नसेल, तर जवान धडधाकट होता असं धरायचं. आजाराचा नोकरीशी संबंध नाही, हे सिद्ध करण्याचा भार जवानावर नाही. शंकेचा फायदा त्याला. भरतीच्या तपासणीत तो आजार कळणं शक्य नव्हतं, असं वैद्यकीय मंडळाला म्हणायचं असेल, तर कारणं लिहावी लागतात.

महारांची सैन्यभरती बंद झाली, तेव्हा निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहायला घेतला होता. आज आपल्या घरात इंग्रजी कागद वाचणारे पहिले तुम्ही आहात. म्हणून मी एवढंच सांगतो: भरतीची नोंद, मंडळाचा अहवाल आणि नकाराचं पत्र शेजारी ठेवून वाचा. अहवालात नुसता शेरा असेल आणि कारण नसेल, तर अपिलाचा पहिला मुद्दा तोच.

जय भीम!